अवघड संगीत एकत्र ऐकायचं आहे? अवाँ-गार्दप्रेमींचा गट असा सुरू करा

प्रयोगशील, म्हणजेच अवाँ-गार्द, संगीताची आणि कलेची ओढ लागलेला माणूस बहुधा एकटाच ऐकत असतो. घरात तो आवाज कुणाला सोसवत नाही, मित्र दोन मिनिटांत विषय बदलतात, मग हेडफोन हीच सोबत उरते. त्यात वाईट काही नाही. पण या संगीताचा मोठा हिस्सा एकट्याच्या हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या ऐकण्यात ते क्वचितच उलगडतं, आणि न उलगडलेलं पुन्हा ऐकायला बसवणारं कुणीतरी लागतं. शिवाय यातल्या कितीतरी रचना चौघांनी मिळून करून बघितल्याशिवाय कळतच नाहीत. म्हणून गट हवा. तो कसा जमवायचा, पहिल्या बैठकीत काय करायचं आणि पुढे तो कसा चालू ठेवायचा, ते इथे क्रमाने सांगते आहे.

आधी एक जुना नमुना

३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नात संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी नव्या संगीताची एक मैफल घेतली. स्वतःच्या रचनेबरोबर वेबर्न आणि बर्ग या शिष्यांच्या रचनाही त्यांनी ठेवल्या होत्या. श्रोत्यांत दोन तट पडले, प्रकरण हातघाईवर आलं आणि मैफल अर्ध्यात थांबवावी लागली. १९१८ च्या अखेरीस शोनबर्ग यांनी नवं संगीत ऐकण्यासाठी एक खासगी संस्थाच काढली. प्रवेश फक्त सभासदांना. समीक्षकांना मज्जाव. टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि नापसंतीही दाखवायची नाही. कोणत्या दिवशी काय वाजणार हे आधी जाहीर करायचं नाही, म्हणजे आवडीनिवडीप्रमाणे दांड्या मारता येणार नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकच रचना पुनःपुन्हा वाजवायची. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून मोठ्या रचना मोजक्या वाद्यांसाठी नव्याने बांधून घेतल्या जात. पैशांच्या चणचणीमुळे १९२१ च्या अखेरीस ती संस्था बंद पडली.

यातला पुनरावृत्तीचा नियम तुमच्या गटाने जसाच्या तसा उचलावा. टाळ्यांचा नियमही उपयोगी आहे, कारण टाळी वाजली की ऐकणं संपतं आणि निकाल सुरू होतो. बाहेरच्यांना मज्जाव मात्र आज कुणी करू नये. तेव्हा भांडणापासून संगीताला वाचवायचं होतं, आता एकटेपणापासून श्रोत्याला वाचवायचं आहे.

पहिली पायरी : माणसं

सुरुवातीला तिघं पुरे. चौथा आला तर उत्तम. आठ-दहा जण जमेपर्यंत थांबणारे गट सुरूच होत नाहीत.

शोधताना प्रकाराचं नाव देऊन बोलावू नका. ‘प्रयोगशील संगीत आवडणाऱ्यांनी यावं’ असं लिहिलं की प्रत्येक जण आपापला अर्थ लावून येतो, आणि निम्मे पहिल्याच दिवशी निराश होऊन परततात. त्याऐवजी एका ठरावीक रचनेचं नाव द्या, ती किती मिनिटांची आहे ते लिहा आणि ‘दोनदा ऐकू, मग बोलू’ एवढंच सांगा. ज्याला हे वाचून कुतूहल वाटेल तो तुमचा माणूस. रचना त्याच्या ओळखीची असण्याची काहीच गरज नाही.

ही सूचना कुठे लावायची? ग्रंथालयाच्या फलकावर, कला महाविद्यालयात, संगीताच्या वर्गात, चित्रपट मंडळात, जिथे समकालीन चित्रकला लागते त्या दालनात. फक्त संगीतवाल्यांपुरतं थांबू नका. वाद्य शिकलेली माणसं अशा गटात कधी कधी अडतात, कारण त्यांचा कान सूर आणि ताल शोधत राहतो. चित्रकार, वास्तुरचनाकार, ध्वनिमुद्रक, नर्तक, कोड लिहिणारे पोत आणि जागा चटकन पकडतात. दोन्ही प्रकारची माणसं हवीत. कुणाला किती माहीत आहे याची परीक्षा घेऊ नका. ‘मला यातलं काही कळत नाही’ असं म्हणून दाराशी घुटमळणाऱ्याला तर हाताला धरून आत आणा.

दुसरी पायरी : खोली आणि स्पीकर

खोली शांत हवी, आणि हे म्हणणं फार गंभीरपणे घ्या. मॉर्टन फेल्डमन यांच्या बऱ्याचशा रचना इतक्या हळू आवाजात आहेत की पंख्याची घरघर त्यांना गिळून टाकते. एलियान रादिग यांच्या सिंथेसायझरवरच्या दीर्घ रचनांत बदल इतका सावकाश होतो की बाजूच्या खोलीतल्या गप्पांनी सगळं वाया जातं. बैठकीच्या आधी खोलीत दोन मिनिटं गप्प बसून काय काय ऐकू येतं ते नोंदवा आणि जे बंद करता येईल ते बंद करा. खुर्च्या करकरणाऱ्या नकोत. जमिनीवर बसता आलं तर आणखी चांगलं.

कुणाचं घर, ग्रंथालयाची छोटी खोली, नाटकवाल्यांची तालमीची जागा, यांतलं काहीही चालेल. उपाहारगृह मात्र टाळा. तिथे कुणाच्या तरी गप्पांत आपण व्यत्यय आणतो आणि त्या आपल्या ऐकण्यात.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे स्वर त्यातून येतच नाहीत, आणि या संगीतात पुष्कळदा सगळी घडामोड तिथेच असते. साधे पण दोन वेगळे स्पीकर घ्या. दोघांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर माणसं बसवा, म्हणजे डावी-उजवी बाजू नीट उमटते. स्पीकर भिंतीला चिकटवले तर खर्ज फुगतो, थोडे पुढे ओढा.

मोठ्या आवाजाबद्दल एक सूचना. नॉइज संगीत, म्हणजे गोंगाटातून घडवलेलं संगीत, मोठ्यानेच ऐकायचं असतं असा समज आहे आणि तो काही अंशी खराही आहे, कारण ते अंगावर यावं असाच त्याचा हेतू असतो. पण कानाला मर्यादा आहेत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य शिफारशींप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तास ही सीमा, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. फोनवरच्या मापक ॲपने अंदाज घ्या, कानात घालायचे बोळे दाराशी ठेवा आणि ते वापरणाऱ्याकडे कुणी वळून बघणार नाही असं वातावरण ठेवा. फिल्म दाखवणार असाल तर लुकलुकत्या प्रकाशाचीही पूर्वसूचना द्या. टोनी कॉनरॅड यांच्या १९६६ च्या ‘द फ्लिकर’ या फिल्मच्या सुरुवातीलाच अपस्माराचा इशारा आहे, आणि तो शोभेसाठी नाही.

तिसरी पायरी : पहिली बैठक

पहिल्या बैठकीवर बरंच अवलंबून असतं, म्हणून इथे जरा थांबून बोलते.

वेळ दोन तास. रचना दोनच, फार तर तीन. प्रत्येक रचना दोनदा. अगदी टोकाच्या गोष्टींनी सुरुवात करण्याचा मोह होईल, तो आवरा. संगीतकार जॉन केज यांच्या शांततेच्या रचनेने, म्हणजे जिच्यात वादक काहीच वाजवत नाही तिने, श्रीगणेशा करणारे गट मला पटत नाहीत. पूर्वपीठिका माहीत नसलेल्या माणसाला तिथे आपल्याला फसवलं जातंय असं वाटतं, आणि ती भावना मग बराच काळ जात नाही. ती रचना तिसऱ्या-चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवा.

सुरुवातीला पिएर शेफर यांची १९४८ मधली रेल्वेगाड्यांच्या आवाजांची रचना ठेवा. जेमतेम तीन मिनिटांची आहे. गाडीचे आवाज शेफर यांनी तबकड्यांवर मुद्रित केले आणि ते कापून, फिरवून, पुन्हा पुन्हा वाजवून रचना केली. पहिल्या ऐकण्यात लोकांना फक्त गाडी ऐकू येते. दुसऱ्यांदा बरेच जण गाडी विसरून लय ऐकू लागतात. शेफर यांना हेच हवं होतं. आवाज कशाचा आहे हे बाजूला ठेवून तो कसा आहे याकडे कान वळवायचा. वीस वर्षांच्या टेप-संगीताचा इतिहास सांगून जे पोचत नाही, ते या सहा मिनिटांत पोचतं.

दुसरी रचना ॲल्विन लुसिए यांची ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’, १९६९ ची. एक माणूस खोलीत बसून काही वाक्यं बोलतो आणि ती मुद्रित होतात. ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करायचं, ते पुन्हा वाजवायचं, असं चालू राहतं. प्रत्येक खोलीला काही ठरावीक कंपनसंख्या जास्त मानवतात. दर फेरीला त्या वाढत जातात, बाकीच्या विरतात, आणि शेवटी शब्द नाहीसे होऊन खोलीचेच सूर घुमत राहतात. पहिलं मुद्रण सुमारे १५ मिनिटांचं आहे, नंतरचं सुमारे ४५ मिनिटांचं. पहिल्या बैठकीला छोटं घ्या. ही रचना आवडण्यासाठी काहीही माहीत असावं लागत नाही, आणि बाहेर पडल्यावर प्रत्येक जण आपल्या खोलीत टाळी वाजवून बघतो. पुढे कधीतरी एक फोन आणि एक स्पीकर घेऊन ती तुमच्याच खोलीत करून बघा. तुमच्या खोलीचा सूर वेगळा निघेल.

रचना सुरू करण्याआधी माहिती कमीत कमी द्या. कुणाची, कधीची, किती वेळाची, एवढंच. कशी केली ते दोन ऐकण्यांच्या मध्ये सांगा.

चौथी पायरी : बोलायचं कसं

पहिल्या ऐकण्यानंतर मत द्यायचं नाही. फक्त काय ऐकलं ते सांगायचं. ‘कंटाळा आला’ हेही चालेल, पण कुठे आला ते सांगायला हवं. साधारण कितव्या मिनिटाला? त्या वेळी आवाजात काय चाललं होतं? ‘तिथे काहीतरी घासल्यासारखा आवाज थांबला आणि एकदम खोली मोठी वाटली’ असं एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा मोलाचं आहे. सगळ्यांनी एकेक वाक्य तरी बोलावं. मग दुसऱ्यांदा ऐकायचं, आणि या वेळी दुसऱ्याने सांगितलेली जागा आपल्याला सापडते का ते बघायचं. एकट्याला जे ऐकू येत नाही ते इथे मिळतं, म्हणजे दुसऱ्याच्या कानाने ऐकायला मिळतं. मत त्यानंतर. आणि तेव्हा ते मोकळेपणाने द्यावं, ‘मला हे अजिबात आवडलं नाही’ इथपर्यंत.

एक नियम काटेकोरपणे पाळा. ज्याने रचना आणली तो सगळ्यांत शेवटी बोलेल. नाहीतर बैठकीचं व्याख्यान होतं. प्रत्येक गटात एक फार वाचलेला माणूस असतो, तो गटाची श्रीमंतीही असतो आणि धोकाही. त्याला सांभाळून घ्यायचा उपाय हाच.

मध्येच उठून जायची मुभा सगळ्यांना हवी. कुणाला एखादा आवाज खरोखर त्रासदायक होतो, त्याने कारण देण्याची गरज नाही.

पाचवी पायरी : करून बघणं

दोन-तीन बैठका झाल्या की नुसतं ऐकणं थांबवा आणि काहीतरी करा. माझ्या मते गटाचा खरा जन्म इथे होतो.

टेरी रायली यांची ‘इन सी’ ही १९६४ ची रचना यासाठी फार चांगली आहे. ५३ छोट्या स्वरावली, सगळ्यांना तोच एक कागद. प्रत्येकाने पहिलीपासून क्रमाने जायचं, पण कोणती स्वरावली किती वेळा वाजवायची ते स्वतः ठरवायचं. फक्त इतरांपासून दोन-तीन स्वरावलींपेक्षा फार पुढे-मागे जायचं नाही. कोणतंही वाद्य चालतं, कंठही चालतो. एक जण पियानोवर किंवा कीबोर्डवर वरचा ‘सी’ हा स्वर एकसारखा वाजवत ठोका धरू शकतो. सादरीकरण सहसा पाऊण ते दीड तास चालतं. एखाद-दोघांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत असेल तर बाकीच्यांना कानाने शिकवता येतं, आणि सगळ्या ५३ घेण्याचा अट्टहास पहिल्यांदा नको. वाजवताना एक गोष्ट आपोआप घडते. माणसं आपलं वाजवणं कमी करून दुसऱ्याचं ऐकू लागतात.

वाद्य कुणालाच येत नसेल तर पॉलीन ओलिव्हेरोस यांच्याकडे वळा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शब्दांत लिहिलेल्या ध्वनी-ध्यानाच्या सूचना केल्या. त्यांत स्वरलिपी नाही, फक्त काय करायचं आणि कसं ऐकायचं ते लिहिलं आहे. त्यांतली एखादी वाचून करता येते. किंवा अगदी साधं : सगळ्यांनी न बोलता अर्धा तास चालायचं, एका ओळीत, फोन बंद, आणि परत आल्यावर ऐकलेल्या आवाजांची यादी कागदावर काढायची. शब्दांऐवजी रेघांनी काढली तर आणखी चांगलं, कारण तो कागद मग पुढच्या बैठकीत वाजवता येतो. रेघ जाड झाली म्हणजे काय करायचं ते तुम्हीच ठरवा. कॉर्नेलियस कार्ड्यू यांची १९६३ ते १९६७ या काळात काढलेली ‘ट्रीटिस’ ही १९३ पानांची चित्र-स्वरलिपी अशीच आहे. ती कशी वाचायची याचे नियम त्यांनी दिले नाहीत. एक पान घ्या, तासभर चर्चा करून आपले नियम बांधा आणि पाच मिनिटं वाजवा. दोन तुकड्या करून तेच पान दोन्हींकडे दिलं तर फरक ऐकण्यासारखा असतो.

सहावी पायरी : चित्र, फिल्म, कृती

संगीत आणि दृश्यकला वेगवेगळ्या बैठकांत ठेवू नका. या क्षेत्रात त्या कायम एकमेकींच्या घरात राहिल्या आहेत. १९१६ च्या फेब्रुवारीत झ्युरिकमध्ये ‘काबारे व्होल्तेर’ सुरू झालं, तेव्हा ह्यूगो बॉल आणि एमी हेनिंग्ज यांच्या त्या छोट्या जागेत कविता, गाणी, चित्रं आणि मुखवटे एकाच रात्री समोर येत. १९६२ च्या जर्मनीतल्या वीसबाडेनच्या महोत्सवातून फ्लक्सस ही कलाचळवळ नावारूपाला आली, तिथेही संगीत कुठे संपतं आणि कृती कुठे सुरू होते हे सांगणं अवघड होतं.

राखून ठेवलेली केज यांची बैठक इथे घ्या. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५१ मध्ये कोरी पांढरी चित्रं केली. त्यावर पडणारी सावली, धूळ, प्रकाश हेच त्यांतलं चित्र, असं केज यांनी त्या चित्रांकडे पाहिलं. त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या, सगळा आवाज शोषून घेणाऱ्या निःशब्द खोलीत जाऊनही त्यांना स्वतःच्या शरीराचे आवाज ऐकू आले. त्याआधी, १९४६ मध्ये, गीता साराभाई त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या होत्या आणि त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. संगीताचं प्रयोजन मन शांत करणं हे आहे, हा विचार केज यांना त्यांच्याकडून मिळाला आणि तो ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मग २९ ऑगस्ट १९५२ रोजी अमेरिकेतल्या वुडस्टॉकमध्ये पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर काहीही न वाजवता ४ मिनिटं ३३ सेकंद बसले. रचनेचे तीन भाग होते आणि ते त्यांनी पियानोचं झाकण मिटून-उघडून दाखवले. हे सगळं सांगून झालं की ती रचना करा. मुद्रण लावू नका. एकाने समोर बसायचं, घड्याळ बघून तीन भाग हातांनी दाखवायचे, खिडक्या उघड्या. दुसऱ्या पायरीत जी शांतता कष्टाने मिळवली, ती या दिवशी मुद्दाम सोडून द्यायची. आणि हो, ही रचनाही दोनदा.

चित्रांसाठी सॉल लविट यांची पद्धत गटाला मानवते. १९६८ पासून त्यांनी भिंतीवरची रेखाटनं केली, त्यांचा गाभा म्हणजे लिखित सूचना. ती भिंतीवर उतरवण्याचं काम दुसरी माणसंही करू शकत. तुम्हीही एकाने चार ओळींची सूचना लिहा आणि बाकीच्यांनी ती आपापल्या कागदावर पाळा. कागद शेजारी शेजारी लावल्यावर चर्चेला विषय शोधावा लागत नाही.

प्रदर्शन बघायला एकत्र जायचं असेल तर सगळं दालन फिरू नका. एकच कलाकृती निवडा, तिच्यासमोर वीस मिनिटं बसा किंवा उभे राहा, आणि शेजारचं माहितीपत्रक शेवटी वाचा.

चालू ठेवण्याच्या गोष्टी

दिवस आणि वेळ ठरलेली हवी, महिन्यातला एक ठरावीक वार. दर वेळी सगळ्यांची सोय विचारत बसलं की गट विरतो. येतील ते येतील, दोघं आले तरी बैठक होईल. वही ठेवा : तारीख, रचना, कोण काय म्हणालं त्यातली दोन-तीन वाक्यं. वर्षभराने तीच रचना पुन्हा लावून वही उघडा.

खर्च सगळ्यांत समान वाटा आणि हिशेब उघडा ठेवा. ज्याला देता येत नाही त्याच्याकडे मागू नका. कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला करणार असाल तर ध्वनिमुद्रण आणि फिल्म दाखवण्याचे हक्क आधी विचारून घ्या. संगीतकार हयात असेल तर पत्र पाठवा, या क्षेत्रातले कलाकार अनेकदा स्वतः उत्तर देतात. बैठकीचं मुद्रण किंवा फोटो सगळ्यांच्या संमतीशिवाय नको. कुणी कुणाला अस्वस्थ करत असेल तर तिथल्या तिथे बोला. ‘कलेत सगळं चालतं’ ही सबब माणसांशी वागताना चालणार नाही.

ऐकण्याची यादी केवळ जुन्या पुरुषांची होऊ देऊ नका, ती फार सहज तशी होते. १९५८ मध्ये बीबीसीचा रेडिओफोनिक, म्हणजे कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा, विभाग उभा करण्यात डॅफ्नी ओरम यांचा हात होता, डेलिया डर्बिशायर यांनी तिथे टेप कापून जोडून काम केलं. आणि मुख्य म्हणजे आज, आत्ता केलं जाणारं संगीत आणा. तुमच्या गटातल्या कुणी काल रात्री केलेलं असेल तर ते सगळ्यांत आधी.

वर्षातून एकदा काहीतरी लांब करा. एरिक साती यांनी एका पानाच्या ‘व्हेक्सासिओं’ या रचनेवर ८४० आवर्तनांचा उल्लेख करून ठेवला आहे. १९६३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये केज यांनी ती पियानोवादकांच्या पाळ्या लावून पुरी केली, १८ तासांहून जास्त लागले. तुम्ही चार तासांचा तुकडा घ्या, पाळ्या लावा, कुणी ऐकता ऐकता झोपलं तर झोपू द्या.

राहिला प्रश्न नव्याने आलेल्यांचा. १९६९ मध्ये कार्ड्यू, मायकल पार्सन्स आणि हॉवर्ड स्केम्प्टन यांनी लंडनमध्ये ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ सुरू केला. त्यात शिकलेले वादक होते तसे कधीच वाद्य न धरलेलेही होते. कार्यक्रम कसा असावा हे ठरवण्याची पहिली संधी त्यांनी वयाने सर्वांत लहान सभासदापासून द्यायला सुरुवात केली. तुमच्याकडे हाच नियम नव्या माणसाला लावा. पहिल्या बैठकीला त्याने फक्त ऐकावं, तिसरीची निवड त्याची. तो अडला तर दोन-तीन रचना सुचवा. त्याने आणलेली गोष्ट गटातल्या जुन्यांना अवाँ-गार्द वाटली नाही, तरी ती पूर्ण आणि दोनदा ऐका.